परदेशी जाताय? अर्धी काळजी बेळगावात बसूनच घ्यायची असते

आमच्या भागातनं परदेशी जाणं आता काय नवलाचं राहिलेलं नाही. खानापूर-नंदगडकडची पोरं आखातात, टिळकवाडीत घरटी कोण ना कोण जर्मनी नाहीतर अमेरिकेत, आणि चिकोडी-निपाणीकडं उसाचं बिल जमा झालं की चार मित्र मिळून थायलंडची टूर ठरवतात. मी तिकीट-व्हिसाची कामं करतो, त्यामुळं लोक येऊन पहिलं हेच विचारतात की तिकडं चोऱ्या होतात काय, पाणी सोसतंय काय, शाकाहारी मिळतंय काय. विचारावं, काय हरकत नाही. पण माझ्या बघण्यात माणूस तिकडच्या चोरामुळं अडकतो ते कमी, आणि इथनं निघताना जे करून गेला त्यामुळं अडकतो ते जास्त. कुठल्यातरी एजंटला हो म्हटलेलं असतंय, पासपोर्टात आडनावच नसतंय, शेजाऱ्याची पिशवी घेतलेली असतीय, बँकेचा नंबर असलेलं सिम घरात ड्रॉवरमध्ये राहिलेलं असतंय. म्हणून हे सगळं निघायच्या आधीचंच जास्त लिहिलंय, तिकडचं शेवटी थोडक्यात.

पासपोर्ट काढून हातात घ्या, आत्ता

आधी शेवटची तारीख बघा. बऱ्याच देशांना पासपोर्ट अजून सहा महिने तरी चालू असलेला लागतो, आणि हे सहा महिने तुम्ही परत येणार त्या तारखेपासनं धरा म्हणजे वाद नको. दोन पानं तरी कोरी पाहिजेत. संपत आला असेल तर रिन्यू करायला बेंगळूरला पळायची गरज नाही, बेळगावात पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, आणि आता भारतात कुठनंही अर्ज करता येतो, म्हणजे पोरगं पुण्यात नोकरीला असेल तर तिथनंच करू दे. साध्या अर्जाला ३६ पानी पासपोर्टाचे १५०० रुपये, तत्काळला वर २००० जादा. ते ऑनलाइन भरायचे, पासपोर्ट सेवा नावाच्या सरकारी साइटवरच. तसल्याच नावाच्या दुसऱ्या साइट सर्चमध्ये वर येतात आणि भलतेच पैसे घेतात.

आता नावाचं. आपल्याकडं हा घोळ जास्त, कारण शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडात, आधार कुणी टाईप केलं देवाला माहीत, आणि तिन्हीकडचं इंग्लिश स्पेलिंग तीन तऱ्हेचं. तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, हॉटेल, सगळीकडं पासपोर्टावर आहे तस्संच नाव टाकायचं, एक अक्षर इकडंतिकडं नाही. जन्मगावाचं पण तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदात बेळगावचं नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या पासपोर्टात एक आणि नवीन कागदात दुसरं असं बऱ्याच जणांचं आहे. फॉर्म भरताना तुम्हाला कुठलं आवडतं हा प्रश्न नाही, पासपोर्टात जे छापलंय ते लिहा आणि मोकळे व्हा.

आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मात्र थांबा. आपल्या भागात काही जणांचं नुसतं नाव आणि वडलांच्या नावाचं आद्याक्षर एवढंच असतंय, पासपोर्टात मग सगळं एकाच रकान्यात बसवलेलं. दुबई, अबुधाबी म्हणजे यूएईनं २०२२ च्या नोव्हेंबरपासनं असल्या एकाच नावाच्या पासपोर्टाला टुरिस्ट नाहीतर व्हिजिट व्हिसावर येऊ द्यायचं बंद केलंय. पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालवून घेतात, तरी तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीला विचारून घ्या. सुनांचं वेगळंच, पासपोर्ट माहेरच्या आडनावानं आणि उत्साहात नवऱ्यानं तिकीट काढलेलं सासरच्या. हे काउंटरवर गेल्यावर कळतं, तेव्हा काय उपयोग.

कामाला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा

फिरायला जाणारा फार तर पैशाला बुडतो. कामाला जाणारा फसला तर माणूसच अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासपोर्टाच्या मागच्या पानावर ईसीआर असं छापलंय काय बघा. साधारण दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर ते असतं. तसं असेल तर १८ देशांत नोकरीला जायला सरकारची वेगळी परवानगी लागते. सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे त्यात आलेच, मलेशिया आणि थायलंडपण आहेत. ही परवानगी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरनं होते, १९८३ च्या कायद्याखाली. लोकांना वाटतं हा नुसता त्रास आहे, पण त्याच्यामुळं तुमचा करार सरकारी नोंदीत येतो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं कव्हर मिळतं, हप्ता दोन वर्षांचा २७५ आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये. एवढ्यात तर आजकाल चौघांचा नाश्ता होत नाही.

एजंट म्हणाला की "टुरिस्ट व्हिसावर जा रे, तिथं गेल्यावर बदलून घेऊ" तर तिथंच उठा. टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिकडं गुन्हा, पगार बुडवला तर तक्रार करायला तोंड नाही, आणि मालकाला हे पक्कं माहीत असतंय म्हणूनच तो तसा बोलावतो. ई-मायग्रेटवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, लायसन्स नंबर टाकून बघा, नुसत्या ऑफिसातल्या काचेच्या टेबलावर आणि भिंतीवरच्या विमानाच्या फोटोवर जाऊ नका. रजिस्टर्ड एजंटाला कामगाराकडनं ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. इथं लोक लाख-दीड लाख देऊन येतात, ते पण रोख, पावती नाही, आईचे दागिने सोसायटीत ठेवून. द्यायचेच असतील तर बँकेतनं द्या, पावती घ्या.

आणि "थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार ८० हजार, जेवण राहणं फ्री, इंटरव्ह्यू व्हॉट्सअॅपवर" असली नोकरी आली की समजून जा. बँकॉकला उतरवतात आणि तिथनं गाडीत घालून म्यानमारच्या सीमेपलीकडं नेतात, कंबोडिया नाहीतर लाओसला नेलेलेपण आहेत. पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र ऑनलाइन फसवणुकीचे फोन-मेसेज करायला बसवतात, नाही म्हटलं की मार. २०२५ च्या मार्चात आपल्या हवाई दलाची विमानं थायलंडच्या मे सॉटला पाठवून असल्या पाचशेच्या वर भारतीयांना परत आणावं लागलं. लांबचं कशाला, आपल्याच राज्यातल्या कलबुर्गीच्या पोरांना हेल्परचं काम म्हणून रशियाला नेलं आणि लढाईत ढकललं, हे २०२४ ला उघडकीस आलं. ती पोरं काय अडाणी नव्हती. गरज असली की माणूस प्रश्न विचारायचा राहतो, म्हणून प्रश्न घरातल्या दुसऱ्या कुणीतरी विचारावेत. कंपनीचं नाव काय, कुठल्या गावात, व्हिसावर काय लिहिलंय, करारात पगार किती, आणि कराराची कॉपी जाणाऱ्याकडं एक आणि घरात एक.

बॅग: खसखस, कुंदा आणि दुसऱ्याची पिशवी

आपल्याकडच्या आयांचा जीव बॅगेत असतो. जायच्या आदल्या रात्री हॉलमध्ये बॅग उघडी पडलेली असते, एका बाजूला वजनकाटा, एका बाजूला कांदा-लसूण मसाल्याची अडीच किलोची पिशवी, चटणी, लोणच्याची बरणी तीन प्लॅस्टिकात गुंडाळून वरनं टेप, डिंकाचे लाडू, कॅम्पातला कुंदा, आणि जाणारा कोपऱ्यात बसून म्हणतोय "अगं आई तिकडं सगळं मिळतंय". मिळतंय की नाही हा त्या दोघांचा प्रश्न, पण त्या ढिगातल्या तीन-चार गोष्टी बाजूला काढाच.

पहिली खसखस. दुबईसकट सगळ्या यूएईत, सौदीत आणि सिंगापुरात खसखस बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातनं येते आणि तिकडचा अमली पदार्थांचा कायदा तिला त्यातच धरतो. नुसत्या पुडीचं सोडा, आपल्या घरच्या मसाल्यात खसखस असते, अनारशावर असते, लाडवात असते. मसाला करतानाच जाणाऱ्याचा वाटा खसखस न घालता वेगळा कांडून आणा, चवीला फार फरक पडत नाही, काकू ऐकत नसतील तर त्यांना सांगा की तिकडं यासाठी आत टाकतात.

दुसरं सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत न्यायला भारतातल्या विमानतळांवर २०२२ पासनं मनाई आहे, त्यात तेल इतकं असतं की ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. स्कॅनमध्ये दिसलं की बॅग उघडायला बोलावतात, आणि विमान सुटायची वेळ झाली की आपला जीव वर-खाली.

तिसरा आपला कुंदा. यूएईला, सिंगापूरला नातेवाईक नेतात, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं वेगळं आहे. दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत, पेढा, बर्फी, गुलाबजाम सगळं त्यात आलं, मग कुंदा तर नुसता आटवलेल्या दुधाचाच. तिकडं उतरताना जे कार्ड भरतात त्यात खाण्याचं काही आहे काय असं विचारलेलं असतं, तिथं कायम "हो" करा. हो म्हटलं तर फार तर डबा काढून घेतील. नाही म्हटलं आणि सापडलं तर दंड, न्यूझीलंडला जागेवर ४०० डॉलर. एवढ्या पैशात इथं कुंद्याचं दुकान निम्मं रिकामं होईल.

निपाणीकडच्या मंडळींना वेगळं सांगतो. तंबाखू, मावा, गुटखा खिशात राहू देऊ नका. सिंगापुरात खायची तंबाखू न्यायलाच बंदी, दुबईत पान-सुपारी असलं सामान आणायला बंदी, आणि ई-सिगरेट सिंगापुरात आणि थायलंडात दोन्हीकडं गुन्हा. सवय असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना भेटून निकोटीनच्या गोळ्यांचं विचारा, पण त्यापण तिकडं चालतात काय ते बघूनच न्या.

औषधं. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आठवड्याच्या डबीत सुट्या नेऊ नका, आणि डॉक्टरांकडनं इंग्लिशमध्ये, औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या कारण आपल्या ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीला कळत नाहीत. चार-पाच दिवस पुरतील एवढ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग चुकून दुसऱ्या देशात गेली तर शुगर काय तिची वाट बघत बसत नाही. खोकल्याच्या ज्या औषधात कोडीन असतं ते, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, झोपेच्या गोळ्या, असलं काही घेत असाल तर यूएईला जाण्याआधी त्यांच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. इथं मेडिकलमध्ये सहज मिळालेली गोळी तिथं तुरुंगात नेऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याची पिशवी. "आमच्या तम्माला एवढं द्या की, नुसता चिवडा आहे." आपल्याकडं नाही म्हणायला जड जातं, गल्लीतली माणसं, लग्नाकार्यात तोंड बघायचं असतं. तरी नाही म्हणा. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाईकानं दिलेल्या हनिमून टूरवर कतारला उतरलं, त्यांच्याकडं दिलेल्या सामानात चार किलोच्या वर चरस सापडला, बाई तेव्हा गरोदर. दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, मूल तुरुंगात जन्मलं, निर्दोष ठरून परत यायला २०२१ उजाडलं. ती पिशवी अनोळखी माणसानं दिली नव्हती, सख्ख्या नात्यातनं आली होती. अगदीच घ्यावी लागली तर त्यांच्यासमोर सगळं उघडून, डब्याचा तळ बघून, पुन्हा स्वतः भरून घ्या. यावर कोण रुसला तर रुसू दे. आणि कॉलेजच्या पोरांनो, बँकॉकची फुकट तिकीट आणि येताना नुसतं एक पार्सल आणायचं असली ऑफर आली तर त्या पार्सलात काय असतं ते पेपरात रोज येतंय, बँकॉकहून आलेला हायड्रो गांजा आपल्याच विमानतळांवर सारखा पकडतात.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. २० हजार एमएएचचा चालतो, साधारण २७ हजार एमएएचच्या वर गेला की शंभर वॉट-अवरची हद्द ओलांडतो. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासनं विमानात तो वापरायलापण बंदी केलीय, नुसता जवळ ठेवायचा. बायकांनी अंगावर बरंच सोनं घालून जायचं असेल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडं दाखवून सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर येताना हे तिकडनं आणलेलं नाही हे पटवत बसा. मी तर म्हणतो मंगळसूत्र साधं घाला, बाकीचं लॉकरला.

विमानतळापर्यंत पोचणं हेच मोठं काम

सांबऱ्यावरनं, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, परदेशी विमान नाही, म्हणजे गोवा, मुंबई, बेंगळूर किंवा हैदराबाद गाठायला लागतंय. गोव्याचं तिकीट असेल तर कुठला विमानतळ ते आधी बघा, तिकिटावर जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, एकाकडनं दुसऱ्याकडं जायला गाडीनं दीड-दोन तास सहज जातात. मोप्याला आंबोली-सावंतवाडीकडनंपण जाता येतं. पावसात गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटावर भरवसा ठेवू नका, दरड येते, झाड पडतं, धुक्यात समोरचं दिसत नाही आणि घाटात मोबाईलला रेंज नसते. जून ते सप्टेंबर मी तरी लोकांना आदल्या दिवशी उतरून गोव्यात मुक्काम करा असंच सांगतो. लॉजचे पैसे गेले तरी तिकिटापुढं ते काहीच नाहीत.

मुंबईला हायवेनं जाणाऱ्यांनी पुराचं बघावं. २०१९ आणि २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि पुढं कोल्हापूरला शिरोलीजवळपण रस्ता बंद. शिवाय आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, तिकिटावर कुठला आहे ते वाचा. आणि आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं तर तुम्हाला माहीतच आहे, कुठंतरी ठिणगी पडली की पहिल्यांदा बसच्या काचा फुटतात. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या गाड्या बंद होत्या, २०२२ च्या डिसेंबरातपण झालं. अशा वेळी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला अडकलेला माणूस विमान कंपनीला काय सांगणार. १ नोव्हेंबरला इकडं काळा दिन आणि तिकडं राज्योत्सवाची मिरवणूक, गावातनं गाडी बाहेर काढणं मुश्किल, तेव्हा त्या तारखेचं तिकीट असेल तर आदल्या रात्रीच निघा. एसटीच्या भरवशावर परदेशाचं विमान ठेवू नका, रेल्वेचं रिझर्व्हेशन पर्याय म्हणून करून ठेवा, नको झालं तर कॅन्सल.

पैसे आणि फोन

निघायच्या आधी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा, तो मुळात बंद असतो, आणि लिमिट टाका. दोन कार्डं न्या, एक पाकिटात, एक बॅगेत. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड, काढलं तर बरं. परदेशी नोटा एका ट्रिपला बहुतेक देशांसाठी ३००० डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत. तिकडं दुकानात मशीनवर "रुपयात कापू की इथल्या चलनात" असं आलं की तिथल्या चलनातच म्हणा, रुपयात कापला की रेट त्यांचा. यूपीआय यूएई, सिंगापूर, नेपाळ, श्रीलंका असं काही ठिकाणी चालतंय खरं, पण सगळ्या दुकानात नाही, त्याच्यावरच विसंबून राहू नका.

सिमचं लोक विसरतात. तिकडं गेल्यावर लोकल सिम घेतात आणि आपलं सिम काढून डबीत टाकतात, मग कार्ड चालवायला ओटीपी येत नाही. ज्या नंबरला बँक जोडलीय त्याला रोमिंग चालू करून घ्या, मेसेज येण्यापुरतं तरी, आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये तिकडचं सिम किंवा ई-सिम. यूएईत व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या रात्री आई फोन लावून लावून सगळ्या गल्लीला जागं करेल. तिकडं बॉटिम वगैरे परवानगी असलेली अॅप वापरतात. व्हीपीएन लावून खटपट करू नका, त्यावरनं केस होऊ शकते.

थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायला लागतं, १ मे २०२५ पासनं. सिंगापूरचंपण तसलंच आहे. दोन्ही फुकट. पैसे मागणारी साइट म्हणजे बनावट. व्हिसाचे नियम तर सारखे बदलतात, इराणनं भारतीयांना बिनव्हिसा येऊ द्यायचं २०२५ च्या नोव्हेंबरात बंद केलं, त्याच सवलतीचा फायदा घेऊन एजंट लोकांना नेत होते आणि तिथं पळवून खंडणी मागायचे. मागच्या वर्षी मेहुणा कसा गेला होता ते ऐकून निघू नका, त्या देशाच्या सरकारी साइटवर त्या आठवड्यात बघा.

इन्शुरन्स

युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, बाकी ठिकाणी सक्ती नसली तरी काढा. आई-वडील अमेरिकेला नातवंडांकडं निघालेत तर बीपी, शुगर, बायपास झालेली असेल ते सगळं फॉर्मात लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवतात आणि मग क्लेमच्या वेळी कंपनी त्याच्यावरच बोट ठेवते, तिकडं एका रात्रीच्या ॲडमिशनचं बिल इथल्या जमिनीच्या व्यवहाराएवढं येऊ शकतं. पॉलिसीचा नंबर आणि हेल्पलाइन कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना यलो फीव्हरची लस लागते, ती जायच्या निदान दहा दिवस आधी, एकदा घेतली की आता जन्मभर चालते. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची.

तिथं गेल्यावर

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स खिशात, फोटो मोबाईलमध्ये आणि स्वतःला मेल करून. हा झाला साधा नियम, पण जिथं पोलीस मूळ पासपोर्ट मागतात तिथं विचारून ठरवा. पॅरिस, रोम, बार्सिलोनाला मेट्रोत पाकीट मारणारे फार, ते पोरी-बायका चांगल्या कपड्यांत असतात, कागदावर सही मागायला येतात, एक बोलते आणि दुसरी पर्स बघते. बँकॉकला टुकटुकवाला "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं दाखवतो" म्हणाला की तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेणार. पटायाला जेट स्की भाड्यानं घेतली तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर जुन्या ओरखड्याचे पैसे तुमच्याकडनं. कोण साध्या कपड्यात येऊन पोलीस आहे म्हणाला आणि पाकीट बघायला मागितलं तर देऊ नका, स्टेशनला चला म्हणा.

नंबर पाठ करा किंवा लिहून ठेवा. युरोपात ११२, ब्रिटनात ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्य. यूएईत पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९८, सिंगापुरात पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९५, थायलंडात टुरिस्ट पोलीस ११५५.

पासपोर्ट हरवला तर रडत बसू नका. आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, तिची कॉपी घेऊन आपल्या दूतावासात. नवीन पासपोर्टाला वेळ लागणार असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्याच्यावर भारतात परत येता येतं, पुढं दुसऱ्या देशात फिरता येत नाही. कामावर अडकलेल्यांसाठी आपल्या परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार घालता येते, घरचे पण इथनं घालू शकतात. यूएईत कामगारांसाठी भारतीय दूतावासाची फुकट हेल्पलाइन आहे, ८००४६३४२. मालकानं पासपोर्ट काढून ठेवला असेल तर तेपण तिथं सांगा, यूएईत कायद्यानं मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवता येत नाही.

शिकायला किंवा जास्त दिवस राहायला गेलात तर पोचल्या पोचल्या दूतावासाकडं नाव नोंदवा. आपल्या लोकांना सोडवून आणायला २०२२ ला युक्रेनमधनं ऑपरेशन गंगा झालं, २०२३ ला सुदानमधनं ऑपरेशन कावेरी, तेव्हा लोकांपर्यंत पोचायला कोण कुठं आहे हे आधी माहीत असावं लागलं. पोरं म्हणतात काय होतंय, शांत देश आहे. युक्रेनला मेडिकलला गेलेल्या पोरांनाही तसंच वाटत होतं.

घरात कुणाकडं काय ठेवायचं

एक फाइल घरात ठेवा, पासपोर्ट-व्हिसाची कॉपी, तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल किंवा कंपनीचा पत्ता, करार, एजंटाला दिलेल्या पैशाची पावती. आणि ती कपाटात कुठं आहे ते नुसतं वडलांना नाही, घरात ज्याला मोबाईल नीट चालवता येतो त्याला सांगा.

दुसरं म्हणजे ते फोन. "तुमच्या मुलाला तिकडं पोलिसांनी पकडलंय, सोडवायचं तर आत्ता पैसे पाठवा," मागनं कोणतरी रडतंय, व्हॉट्सअॅपवर फोटो पोलीस अधिकाऱ्याचा. पोरगं परदेशी आहे हे यांना फेसबुकवरनं कळतं, आई-बाप घाबरून पाठवून मोकळे. निघायच्या आधी घरात ठरवा की असा फोन आला तर काहीतरी घरातलंच विचारायचं, म्हशीचं नाव काय, आजीचं माहेर कुठलं, आणि फोन ठेवून आधी पोराच्या नंबरवर लावायचा, नाही लागला तर त्याच्या रूममेटच्या. म्हणजे रूममेटचा नंबरपण त्या फाइलीत पाहिजे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, जेवढ्या लवकर तेवढं ते खात्यात गोठवायची शक्यता जास्त.